सगळ्या सोयींची जागा

विंको राझिंगर कॅम्प बघायला निघाला की त्याची बायको झोफ्का जिन्यातल्या शेजारणीला मोठ्याने सांगायची, "आमचे साहेब निघाले हो, संडास तपासायला!"

त्यात खोटं काही नव्हतं. येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात विंको स्टोअरकीपर होता. आलेला माल उघडून बघितल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही त्याची कारखान्यातली सवय घरातही तशीच होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबाला घेऊन दोन आठवडे समुद्रावर तंबू ठोकायचा तर ती जागा आधी डोळ्यांनी बघायला हवी. म्हणून मे महिन्यात, कॅम्पवाले अजून कुंपणाला रंग देत असताना, तो पाव आणि सॉसेज डब्यात घेऊन एकटाच गाडी काढायचा. नळ सोडून पाण्याखाली हात धरायचा आणि गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघायचा. न्हाणीघरातल्या जाळीवर बादली उपडी करून पाणी तुंबतं का ते बघायचा. पावसाचं पाणी कुठे वाहून जाईल हे कळावं म्हणून चक्क जमिनीवर आडवा व्हायचा. एका कॅम्पच्या मालकाला वाटलं, गृहस्थाला चक्कर आली. तो पाण्याचा पेला घेऊन धावत आला, तेव्हा विंको पडल्या पडल्याच म्हणाला, "तुमचा उतार चुकीच्या बाजूला आहे."

सगळं बघून झालं की तो हिशेब मांडायचा. माणशी किती, गाडीचे किती, तंबूचे किती, गरम पाण्याचं टोकन वेगळं की त्यातच, दुकान आत आहे की पावासाठी गावात जायला लागतं, दुपारी सावली कुठे पडते. स्वस्त जागा घेऊन रोज बाहेर खायला लागलं तर ती महाग पडते, आणि महाग जागा घेऊन तिथला तलाव मुलांनी वापरलाच नाही तर ते पैसे पाण्यात, असं तो मुलीला समजावून सांगायचा. मुलगी दार्या तेव्हा शाळेत होती. ती आईकडे बघून डोळे फिरवायची.

गंमत अशी की एवढी परीक्षा घेऊन दर वर्षी पास एकच कॅम्प व्हायचा. राब बेटावरचा, पाइनच्या झाडांखालचा जुना. तिथे संडास एकाच जागी, तोही चढावर, दगडी पायऱ्या चढून. गरम पाणी सकाळी येई, संध्याकाळी आलं तर आलं. दुकान म्हणजे एक टपरी. पण सावली दाट, भाडं कमी, आणि तळ वाळूचा, पाण्यात उतरायला चपला लागत नाहीत. विंको म्हणायचा, "बाकी ठिकाणी सोयी जास्त आहेत, पण त्या वाढीव पैशाच्या लायकीच्या नाहीत." झोफ्का म्हणायची, "हो हो, तुझंच खरं," आणि पिशव्या भरायला लागायची. तिला त्या कॅम्पला का जायचं असतं हे विंकोने कधी विचारलं नव्हतं. दोघांचं उत्तर एकच येत होतं, मग विचारायचं कशाला?

पुढे तंबूच्या जागी आलेली त्यांची कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं छोटं घर, संडासाकडे जाणाऱ्या वाटेच्या अगदी कडेला लागायची. भाडं त्यामुळे आणखी थोडं कमी. पण सकाळी सगळा कॅम्प तिथूनच जायचा, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी, केस विस्कटलेले. झोफ्का पहाटे उठून लांब दांड्याच्या मोठ्या भांड्यात कॉफी उकळत ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "शेजारीण, जाताना की येताना?" म्हणजे कॉफी आत्ता घेणार की परतताना. जाताना घाई असायची, येताना माणूस टेकायचा. असं टेकता टेकता ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातली तीन-चार बिऱ्हाडं तिच्या टेबलाशी कायमची झाली. कार्लोवाचची इव्का आणि तिचा नवरा मिले. ओसियेकची मांडा, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, दंडाने पैलवान, बोलायला फटकळ. मांडाचा नवरा गेला तेव्हा ती त्या टेबलाशी बसून रडली, दार्याचं लग्न ठरलं ते त्या टेबलाशी कळलं, मिलेच्या पोटातल्या खड्यांवर तिथे जेवढी चर्चा झाली तेवढी इस्पितळातही झाली नसेल.

मग देशाचे तुकडे झाले आणि तिकडे युद्ध सुरू झालं. चार उन्हाळे कोणी कुठे गेलं नाही. इकडे येसेनित्सेत झोफ्का टीव्हीसमोर बसून कार्लोवाचचं नाव आलं की आवाज वाढवायची. तिला इव्काचं आडनाव माहीत नव्हतं, पत्ता नव्हता. समुद्रावरच्या ओळखीत त्याची गरज कुणाला पडते! पुढच्या वर्षी ती असणारच त्याच झाडाखाली.

युद्ध थांबलं त्या वर्षी विंकोने कॅम्प तपासला नाही. पासपोर्ट घेऊन, नवी सरहद्द ओलांडून ते थेट राबला गेले. कॅम्प अर्धा रिकामा होता, एका छपराला पत्रा नव्हता. आणि इव्का तिच्या झाडाखाली बसून शेंगा सोलत होती. झोफ्का गाडी थांबायच्या आत उतरली. दोघी किती वेळ एकमेकींना धरून होत्या कुणास ठाऊक. मांडा दोन दिवसांनी आली. तिला बघून मिले म्हणाला, "ही बया बॉम्बलाही आवरली नाही."

त्या उन्हाळ्यात विंको, नीटनेटका माणूस, वही काढून म्हणाला, "आता सगळ्यांची आडनावं आणि पत्ते लिहून घेऊ. पुन्हा असं व्हायला नको."

मिलेने पेला खाली ठेवला. म्हणाला, "विंको, तू चांगला माणूस आहेस. पण गेली चार वर्षं आमच्याकडे जो आडनाव विचारायचा तो आपला का परका एवढंच बघायला विचारायचा. नाव मिले आहे, तेवढं पुरे आहे. इथे आडनाव नको."

"नकोच," इव्का म्हणाली. "इथे कॉफी प्यायची."

विंकोने वही मिटली. तेव्हापासून त्या टेबलाचा तो रिवाजच पडला. कोणी नवीन माणूस येऊन "आपण कुठले, आडनाव काय," असं सुरू करू लागला की मांडा त्याच्या तोंडात केकचा तुकडा कोंबायची.

*

झोफ्काचं दुखणं हळूहळू आलं. आधी जिना चढताना थांबायला लागली, मग पावलं सुजायला लागली. डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं. पाणी अंगात साठू नये म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला सारखं उठावं लागायचं, सकाळी तर अर्ध्या अर्ध्या तासाने. डॉक्टरांनी विंकोला बाजूला घेऊन सांगितलं की चढ नको, ऊन नको, आणि फार पुढच्या बेतांवर विसंबू नका.

विंको त्या हिवाळ्यात निवृत्त झाला. फेब्रुवारी संपायच्या आत जुन्या पाहुण्यांनी राबला कळवायचं असतं, नाहीतर ठरलेली जागा दुसऱ्याला जाते. विंको फोनजवळ बसला. डोळ्यांपुढे त्या दगडी पायऱ्या आल्या. सकाळच्या वेळी टॉवेल घेऊन जाणाऱ्यांच्या रांगेत झोफ्का, एका हाताने कठडा धरलेली, तोंडाने श्वास घेत, आणि वर पोचायच्या आत वेळ निघून गेलेली. तिची ती फजिती सगळ्यांनी बघितलेली. त्याला ते सहन होईना. त्याने राबच्या कचेरीत फोन लावून सांगितलं की या वर्षी राझिंगर येणार नाहीत. तिथली बाई हळहळली. "कुठे जाताय मग?" विंकोने सांगितलं, पोरेचजवळचा एक नवा कॅम्प बघतोय.

तो कॅम्प त्याने मार्चमध्येच बघितला. दिवसभर बघितला. तंबूच नाहीत, चाकांवरची तयार घरं, आत पलंग, थंड हवेचं यंत्र, आणि पलंगापासून चार पावलांवर संडास, स्वतःचा. सगळ्या वाटा सपाट, फरशीच्या. दवाखाना आत. पाव दारात. प्रत्येक घराभोवती माणसापेक्षा उंच हिरवं कुंपण, कुणी कुणाच्या अंगणात डोकावत नाही. फाटकावर पहारा, मनगटाला पट्टी असल्याशिवाय आत सोडत नाहीत. विंकोने नळ सोडला तर गरम पाणी लगेच हातावर. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खोट काढायला काही सापडलं नाही. भाडं मात्र राबच्या चौपट होतं. त्याने परत येऊन कॅरॅव्हॅन विकली. त्या पैशात दोन आठवडे बसत होते.

घरी येऊन त्याने झोफ्काला सगळं सांगितलं. ती खिडकीपाशी पाय उशीवर घेऊन बसली होती.

"झाडं आहेत का?" तिने विचारलं.

"लावली आहेत. अजून लहान आहेत. पण आत थंड हवा आहे ना."

"आणि शेजारी कोण असतात?"

"दिसतच नाहीत. कुंपण आहे. अगदी शांत."

झोफ्काने मान हलवली. "चांगलं केलंस," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कॅरॅव्हॅनमधलं मोठं भांडं काढून घेतलंस ना रे विकायच्या आधी?"

"घेतलं."

"मग ठीक."

दार्याने नंतर वडिलांना फोनवर विचारलं, "आईला विचारलं होतंस का, बाबा?"

"विचारायचं काय त्यात? पायऱ्या चढता येतात का तिला?"

"नाही."

"मग?"

यावर म्हणण्यासारखं काही होतं का, हे दार्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

*

नवा कॅम्प विंकोने तपासला तसाच निघाला. कशातही उणं नव्हतं. पहिल्या सकाळी झोफ्का लवकर उठली, गोळी घेतली, चार पावलं जाऊन आली, आणि ओसरीवर शेगडी ठेवून मोठ्या भांड्यात कॉफी उकळायला घेतली. विंको बाहेर आला तर टेबलावर सहा पेले मांडलेले.

"अगं, एवढी कुणाला?"

"हात वळला आपला सवयीने." ती हसली. "येईल कोणी."

कुंपणापलीकडून चपलांचे आवाज येत होते. जर्मन, इटालियन, कुठे स्लोव्हेनियनसुद्धा. झोफ्का कान देऊन ऐकायची, आणि आवाज अगदी जवळ आला की कुंपणाकडे तोंड करून म्हणायची, "शुभ सकाळ!" एकदा पलीकडून कोणी तरी "शुभ सकाळ" म्हणालं आणि पुढे गेलं. आठव्या की नवव्या सकाळी एका बाईने कुंपणाच्या फटीतून डोकावून विचारलं, आमच्या मुलांचा आवाज होतो का तुम्हाला? झोफ्का घाईने म्हणाली, "छे छे! या ना, कॉफी घ्या." ती बाई आभार मानून म्हणाली, आत यंत्रावर ठेवली आहे. उरलेली कॉफी झोफ्का रोज झुडपाच्या मुळाशी ओतायची. विंको ते बघायचा. तो म्हणाला, "कमी करत जा ना." ती म्हणाली, "कमी केली की चव येत नाही त्या भांड्यात."

एका दुपारी तिने सहज विचारलं, "मांडाचा गुडघा कसा असेल रे?"

"बरा असेल."

"राबला आज काय वार? म्हणजे तिथे पण बुधवारच ना, मी पण काय विचारते." मग ती आत जाऊन पडली.

विंकोला तेव्हा पहिल्यांदा कळायला लागलं. पण कळून करणार काय? राबची जागा गेली होती, कॅरॅव्हॅन गेली होती, आणि पायऱ्या होत्या तिथेच होत्या. दोन आठवड्यांतला एक आठवडा संपला होता. पुढचे तीन दिवस त्याने तिला गाडीतून समुद्रकाठी फिरवलं, आइस्क्रीम खाऊ घातलं, आणि जिथे जिथे थांबले तिथे आधी जाऊन संडास बघून आला.

शनिवारी पंधरवडा संपतो. राबला त्या दिवशी सगळे सामान बांधतात. विंको-झोफ्काचं घर मात्र सोमवारपर्यंत घेतलं होतं. रविवारी सकाळी विंको वर्तमानपत्र आणायला फाटकापाशी गेला. तिथला पहारेकरी निवृत्त पोलीस होता, गप्पिष्ट. पेपरची सुटी नाणी मोजता मोजता म्हणाला, "काल काय तमाशा झाला इथे, ऐकलात का साहेब? तुमच्याच वयाची माणसं. दोन गाड्या, टपावर तंबू बांधलेले. एक बाई मांडीवर पातेलं घेऊन. म्हणे, झोफ्काला भेटायचंय. मी म्हटलं, कोण झोफ्का, आडनाव सांगा. म्हणे, माहीत नाही! वीस-पंचवीस वर्षांची मैत्रीण म्हणे, आणि आडनाव माहीत नाही."

विंको पेपर हातात धरून उभा राहिला.

"मी विचारलं, नवऱ्याचं नाव? विंको. अहो, ऑगस्टात इथे गोटी फेकली तर विंकोला लागते. कॉम्प्युटर आडनाव मागतो, मी काय करू? म्हटलं, काही खूण सांगा. तर एक दांडगी बाई म्हणते, तो संडास तपासत फिरतो!" पहारेकरी पोट धरून हसला. "मी म्हटलं, बरं, तुम्ही भेटायला आलाय तर तुमची ओळखपत्रं ठेवा, आडनावं लिहा, मग आत कर्ण्यावरून पुकारतो. झालं! त्यातला एक म्हातारा भडकलाच. माझं आडनाव कशाला हवंय तुला, म्हणे. नियम आहे म्हटलं. म्हणाला, याआधी माझं आडनाव रस्त्यात थांबवून ज्याने विचारलं त्याच्या खांद्यावर बंदूक होती. मी ओळखपत्र देणार नाही. वेडाच म्हणायचा! बायका त्याला समजावत होत्या. उन्हात बसले दोन तास, सळ्यांतून आत बघत. शेवटी त्या पातेलेवालीने मला विचारलं, त्यांनीच सांगितलंय का कोणाला सोडू नका म्हणून? मी म्हटलं, बाई, इथे लोक त्याचेच तर पैसे देतात."

"मग?"

"मग गेले."

विंकोने नाणी परत खिशात टाकली. पेपर तिथेच राहिला. सपाट, फरशीच्या वाटेवरून तो घरी आला. झोफ्का ओसरीवर बसली होती, समोर सहा पेले.

तो सरळ माणूस. खोटं बोलायचं मनात आलं असेलही, पण जमलं नाही. त्याने सगळं सांगितलं, पहारेकऱ्याने सांगितलं त्याच क्रमाने. मांडाने सांगितलेली खूण ऐकून झोफ्का खळखळून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मेली मांडा!" म्हणाली. मग हसणं थांबलं तरी पाणी थांबलं नाही.

"घरचा रस्ता सोडून आले रे ते," ती म्हणाली. "कार्लोवाच कुठे, ओसियेक कुठे, आणि हे कुठे. उन्हात बसले. पातेल्यात काय असेल? भरलेल्या मिरच्या. इव्का त्याच करते."

"मी आत्ता राबला फोन करतो."

"तिथे कोण आहे आता? काल निघाले ना सगळे." तिने धाप लागली म्हणून थोडं थांबून घेतलं. "त्यांना वाटलं असेल, आम्हीच सांगितलं फाटकावर. झोफ्काला आता तलाव मिळाला, तिला आता आम्ही कशाला हवे."

"त्यांना असं वाटणार नाही."

"पहारेकऱ्याने सांगितलं ना तसं! लोक त्याचेच पैसे देतात म्हणून." तिने त्याचा हात धरला. तिची बोटं थंड होती. "विंको, मला काही नको. फक्त त्यांना असं वाटत राहायला नको. तू त्यांना सांग."

विंकोने तरी फोन केला. राबच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. हो, मीच त्यांना पोरेचचं सांगितलं, म्हणाली. पण पाहुण्यांची आडनावं आणि पत्ते बाहेर देता येत नाहीत, नियम आहे. पुढच्या वर्षी आले की निरोप देईन, नाहीतर चिठ्ठी पाठवा. नियम बरोबर होता. विंको तिच्या जागी असता तर त्यानेही दिले नसते.

"चिठ्ठी नको," झोफ्का म्हणाली. "इव्का चिठ्ठी फाडून टाकेल. मी ओळखते तिला. तोंडाने सांगायचं."

*

झोफ्का जानेवारीत गेली, इस्पितळात, बाहेर बर्फ पडत असताना. मृत्यूची खबर देणारा काळ्या किनारीचा कागद त्यांच्या जिन्यात लागला, कारखान्याच्या फाटकावर लागला, नातलगांना टपालाने गेला. विंकोने सगळी पाकिटं स्वतःच लिहिली आणि स्वतःच चिकटवली. दार्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "राबच्या लोकांना?" विंको म्हणाला, "पाठवायचं कुठे?"

मे महिन्यात तो कुठेही कॅम्प बघायला गेला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याने एका माणसाचा छोटा तंबू घेतला आणि राबला गेला. त्याची जुनी जागा एका तरुण कुटुंबाकडे होती, त्यांनी तिथे दोरीवर पोहण्याचे कपडे वाळत घातले होते. कचेरीतल्या बाईने त्याला कचराकुंड्यांजवळची, सावली नसलेली एकुलती रिकामी जागा दिली. त्याने ती बघितलीसुद्धा नाही.

इव्काचं बिऱ्हाड तिच्या झाडाखाली होतं. टेबल आता तिच्याकडे मांडलेलं. इव्का बटाटे सोलत होती, मांडा समोर, मिले रेडिओची बॅटरी काढून पुसत होता. विंको येताना सगळ्यांनी बघितलं. कोणी उठलं नाही.

"काय शेजारी," मिले रेडिओकडे बघत म्हणाला, "आज इथे कोणी तुझं ओळखपत्र मागितलं नाही वाटतं?"

"नाही," विंको म्हणाला.

"इथे तसली सोय नाही," मांडा म्हणाली. "आम्ही कोणालाही येऊ देतो. अगदी कोणालाही."

इव्काने एक बटाटा पाण्यात टाकला. "आणि ती कुठे आहे? उतरलीच नाही का गाडीतून? की आमच्या संडासाच्या पायऱ्या बघून परत फिरली?"

विंकोने वाटेत सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. आधी पहारेकऱ्याचं, मग कॉम्प्युटरचं, मग झोफ्काने काय सांगितलं ते. आता त्यातलं काहीच क्रमाने आलं नाही.

"झोफ्का जानेवारीत गेली," तो म्हणाला. "तिला तेव्हा माहीत नव्हतं तुम्ही आलात ते. मला दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं फाटकावर. तिने मला पाठवलंय, एवढं सांगायला."

इव्काच्या हातातली सुरी तशीच राहिली. मांडाने तोंडावर पदरासारखा एप्रन घेतला. रेडिओची बॅटरी टेबलावरून घरंगळत खाली गेली, ती कोणी उचलली नाही.

सुरी बाजूला ठेवून इव्का म्हणाली, "रोज काय करायची तिथे?"

"कॉफी करायची. सहा पेल्यांची."

"आणि?"

"ओतून द्यायची."

इव्का एकदम उभी राहिली. मांडीवरची सालं खाली सांडली. "आणि तू रोज बघत होतास! तू तिला तिथे नेलंस! शेवटचा उन्हाळा होता तिचा आणि तू तिला त्या पेटीत नेऊन ठेवलंस! का रे?"

"संडास जवळ होता," विंको म्हणाला.

ते ऐकायला किती कसंसंच वाटतं हे त्याला कळत होतं. पण दुसरं कारण नव्हतं, आणि हे खरं होतं. त्याने चढावरच्या त्या दगडी पायऱ्यांकडे हात केला. "गोळ्यांमुळे तिला सारखं जावं लागायचं. सकाळी तर अर्ध्या अर्ध्या तासाने. ती तिथे चढली नसती, इव्का. रांगेत सगळ्यांसमोर तिची... मी म्हटलं, तिच्यावर तशी वेळ यायला नको."

मिले उठला. त्याने बाजूची लाकडी घडीची खुर्ची उघडली, तिच्या पाठीला आणि पायांना हात लावून बघितला, आणि पुन्हा खाली ठेवली.

"माझी आई," तो म्हणाला. "लढाईत आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट बंद. भोंगा झाला की तिला अशाच खुर्चीत बसवायचं, मी मागून धरायचं, इव्काने पुढून, आणि तळघरात. भोंगा थांबला की परत वर. दिवसातून कितीदा तरी. ती वर बसून आम्हाला शिव्या द्यायची, हळू चाला म्हणून." त्याने पायऱ्यांकडे बघितलं. "या एवढ्याशा पायऱ्या. एका बाजूला मी, एका बाजूला तू. नाहीतर मांडा होतीच."

"मी एकटीने नेली असती," मांडा एप्रनच्या आडून म्हणाली. "पन्नास पोरांच्या सूपचं पातेलं उचलते मी."

विंको पायऱ्यांकडे बघत राहिला. खांद्यावर टॉवेल टाकलेली दोन माणसं बोलत बोलत वर चढत होती. वर पोचायला त्यांना काहीच वेळ लागला नाही.

"तू विचारायचं होतंस रे," मिले म्हणाला.

"राहू दे आता," इव्का नवऱ्याला म्हणाली. "त्याला आता कशाला सांगतोस." ती वाकून खाली सांडलेली सालं गोळा करायला लागली. विंकोही खाली बसला आणि तिच्या बरोबरीने गोळा करू लागला. दोघांच्या मधे बटाट्यांची बादली होती. इव्काने मान वर न करता ती थोडी बाजूला सरकवली, म्हणजे त्याचा हात पोचेल.